चॅटनूगात राहायला यावं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मूळची पुण्याची, कोथरूडची. अकरा वर्षांपूर्वी नवऱ्याच्या नोकरीमुळे टेनेसी राज्यातल्या चॅटनूगाला आले. आधी चार वर्षं आम्ही न्यू जर्सीत होतो. कोणाची इकडे बदली ठरली, कोणाला इथून नोकरीचं बोलावणं आलं की "ताई, जरा विचारायचं होतं" म्हणून फोन येतो. तेच ते प्रश्न इतक्यांदा आले की आता उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवते आहे. यातलं बरंचसं हंट्सव्हिल, नॉक्सव्हिल, ग्रीनव्हिल अशा दक्षिणेतल्या त्याच आकाराच्या शहरांनाही लागू पडेल, पण मला खात्रीने माहीत आहे ते हेच गाव.

१. चॅटनूगा नक्की आहे कुठे? केवढं आहे?

टेनेसीच्या आग्नेय कोपऱ्यात, जॉर्जियाच्या सीमेला अगदी लागून. टेनेसी नदी डोंगरांमधून वळणं घेत जाते, त्या वळणांवर गाव वसलं आहे. २०२० च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १ लाख ८१ हजार आणि आजूबाजूच्या हॅमिल्टन काउंटीसकट ३ लाख ६६ हजार होती. म्हणजे आपल्याकडच्या मापाने जिल्ह्याचं गाव. अटलांटा १९० किलोमीटर, नॅशव्हिल २१५, नॉक्सव्हिल १८०. तिन्हीकडे गाडीने साधारण दोन-सव्वादोन तास.

२. न्यू जर्सीत सगळं हाताशी आहे. ते सोडून एवढ्याशा गावात का यायचं?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच, म्हणून उत्तरही लांब आहे.

स्वस्ताई, कमी गर्दी, डोंगर-नदी ही कारणं सगळे सांगतात. ती खरीही आहेत. पण मला इथे धरून ठेवलं ते वेगळ्याच गोष्टीने. या गावात आपल्या म्हणण्याला वजन असतं, आणि गावाला ती सवय फार कष्टाने लागली आहे.

१९६९ साली वॉल्टर क्रॉन्काइट या वृत्तनिवेदकाने टीव्हीवरच्या राष्ट्रीय बातम्यांत चॅटनूगाला देशातलं सगळ्यात घाणेरडं शहर म्हटलं. इथे ओतकामाचे कारखाने होते आणि चारी बाजूंनी डोंगर असल्यामुळे त्यांचा धूर वर न जाता गावावरच साचून राहायचा. भर दुपारी गाडीचे दिवे लावून जावं लागायचं, असं इथली म्हातारी माणसं अजून सांगतात. त्याच वर्षी गावाने हवेसंबंधी कडक नियम केले आणि कारखान्यांना १९७२ पर्यंतची मुदत दिली. हवा सुधारली, पण पुढे कारखानेच बंद पडत गेले आणि गावाचा मधला भाग ओस पडला.

मग १९८४ मध्ये 'व्हिजन २०००' नावाचा उपक्रम झाला. गावाचं पुढे काय करायचं, हे ठरवायला सभा भरवल्या आणि कोणीही यावं, बोलावं असं सांगितलं. सुमारे १,७०० माणसं आली. त्यातून चाळीस उद्दिष्टं निघाली आणि त्यांतली बरीचशी खरोखर पुरी झाली. १९९२ मध्ये नदीकाठी मोठं मत्स्यालय झालं. वाहनांसाठी बंद करून ठेवलेला वॉलनट स्ट्रीटचा जुना लोखंडी पूल पाडायचा घाट होता, तो लोकांनी वाचवला आणि १९९३ पासून तो फक्त चालणाऱ्यांचा झाला. नदीकाठाने पायवाट बांधत नेली. ती आता गावाजवळच्या धरणापासून सेंट एल्मो या वस्तीपर्यंत जवळजवळ पंचवीस किलोमीटर आहे. एप्रिल २०२५ मध्ये चॅटनूगा उत्तर अमेरिकेतलं पहिलं 'नॅशनल पार्क सिटी' (निसर्ग जपणाऱ्या शहरांना मिळणारा मान) ठरलं.

न्यू जर्सीत चार वर्षांत मला माझ्या नगरसेवकाचं नाव माहीत नव्हतं. इथे आमच्या रस्त्याला पदपथ हवा म्हणून मी नगर कौन्सिलच्या एका सभेत तीन मिनिटं बोलले, तर पुढच्या आठवड्यात भाजीच्या दुकानात एक बाई येऊन म्हणाल्या, "तुम्हीच ना त्या पदपथवाल्या?" मला मताधिकार नाही. तरी माझं ऐकून घेतलं आणि दोन वर्षांनी पदपथ झाला. मोठ्या शहरात सोयी जास्त मिळतात, हे मला मान्य आहे. पण शहर आपलं वाटायला ते आपल्या हाताला लागावं लागतं, आणि ते या आकारात जमतं.

३. नोकऱ्या कुठल्या आहेत?

ब्लू क्रॉस ब्लू शील्ड ऑफ टेनेसी आणि युनम या दोन मोठ्या विमा कंपन्यांची मुख्यालयं इथे आहेत, त्यामुळे डेटा आणि सॉफ्टवेअरची बरीच कामं विम्याच्या अंगाने येतात. फोक्सवॅगनचा कारखाना २०११ मध्ये सुरू झाला. चाकणचा त्याच्या दोन वर्षं आधीचा, म्हणून पुण्याच्या वाहन उद्योगातल्या माणसांना हे नाव घरचं वाटतं. एप्रिल २०२४ मध्ये इथल्या कामगारांनी मतदान करून युनियन आणली. युनियनला कायम विरोध करत आलेल्या दक्षिणेत ही मोठीच घटना होती. याशिवाय टेनेसी व्हॅली अथॉरिटी (केंद्र सरकारची वीज आणि धरणांची संस्था), अर्लँगर रुग्णालय, विद्यापीठ आणि लिटल डेबीचे केक बनवणारी मॅकी फूड्स.

हे सगळं असलं तरी पर्याय मोजके आहेत. व्हिसावर असाल तर प्रश्न १६ आधी वाचा.

४. टेनेसीत राज्याचा प्राप्तिकर नाही. म्हणजे पैसे खूप वाचतील ना?

वाचतील, पण पगाराच्या चिठ्ठीवर दिसतात तेवढे नाहीत. पगारावर राज्याचा कर खरंच नाही. व्याज आणि लाभांशावर असायचा, तोही २०२१ पासून गेला. त्याची भरपाई राज्य विक्रीकरातून करतं. इथे एकूण ९.२५ टक्के विक्रीकर लागतो आणि किराण्यावरसुद्धा ६.२५ टक्के. न्यू जर्सीत बहुतेक किराण्यावर कर नव्हता, त्यामुळे पहिल्या महिन्यात मी पावती तीनदा तपासली होती. ज्याचा पगार मोठा, त्याला ही पद्धत फायद्याची. ज्याचा सगळा पगार खाण्यापिण्यात जातो, त्याला ती जड जाते. आपल्याला फायदा होतो म्हणून ही पद्धत न्यायाची आहे, असं मला म्हणवत नाही.

जॉर्जियात घर घेऊन टेनेसीत नोकरी करायची असेल तर गणित साफ बदलतं, ते प्रश्न १७ मध्ये.

५. गाडीशिवाय चालेल का?

नाही. घरात दोघं कमावते असतील तर दोन गाड्या लागतील. गावाच्या मध्यभागी १९९२ पासून विजेवर चालणारी फुकट बस आहे, ती चांगली आहे, पण ती मध्यभागापुरतीच. बाकीच्या बसची वाट बघण्यात अर्धा दिवस जातो. आणि 'चॅटनूगा चू चू' या आगगाडीवरच्या जुन्या गाण्यामुळे जगभर ज्याचं नाव झालं, त्या गावात आज प्रवासी रेल्वे येतच नाही. १९०९ सालचं देखणं स्टेशन उभं आहे, गाडी नाही. मला याचं मनापासून वाईट वाटतं.

भारताचा गाडी चालवण्याचा परवाना असला तरी इथे परीक्षा द्यावी लागते. व्हिसावरच्या माणसाला मिळणाऱ्या तात्पुरत्या परवान्याची मुदत व्हिसाच्या कागदांशी बांधलेली असते, तेव्हा मुदतवाढीच्या वेळी परवान्याचीही तारीख बघत जा.

६. घर कुठल्या भागात बघावं?

पहिलं वर्ष भाड्याने राहा. डोंगरांमुळे नकाशावरचं अंतर आणि प्रत्यक्ष लागणारा वेळ यांचा इथे मेळ बसत नाही.

आपली बहुतेक कुटुंबं पूर्वेकडे ईस्ट ब्रेनर्ड आणि ऊल्टवाह भागात आहेत. घरं नवीन, फोक्सवॅगन जवळ, सगळी दुकानं त्याच रस्त्यावर. मात्र पायी जाण्यासारखं काही नाही. चालायची हौस असेल तर नदीपलीकडचा नॉर्थ शोअर किंवा लुकआउट डोंगराच्या पायथ्याचं सेंट एल्मो बघा. तिथली घरं जुनी, लाकडी, व्हरांड्याची. त्यांची डागडुजी सतत चालू असते. सिग्नल माउंटनवर हवा छान आणि शाळा नावाजलेल्या, पण रोज घाट उतरून कामाला यावं लागतं आणि थंडीत रस्त्यावर बर्फाचा पातळ थर धरला की तो घाट खरोखर धोक्याचा होतो. आम्ही तीन वर्षं ईस्ट ब्रेनर्डला राहिलो, मग सेंट एल्मोला आलो. तिथेच मला शेजार मिळाला.

७. मी घरून काम करते. इंटरनेट कसं आहे?

ते मात्र इथलं पहिल्या नंबरचं. गावाची वीज कंपनी, ईपीबी, सार्वजनिक मालकीची आहे आणि ती १९३५ पासून आहे. २००९ मध्ये तिला विजेचं जाळं सुधारण्यासाठी केंद्र सरकारकडून ११ कोटी १५ लाख डॉलरची मदत मिळाली. घरोघर फायबर नेल्यावर २०१० मध्ये आपल्या हद्दीतल्या प्रत्येक घराला सेकंदाला एक गिगाबिटचं इंटरनेट देणारी ती देशातली पहिली ठरली. त्याच फायबरवर विजेच्या तारांचे स्वयंचलित स्विचही चालतात. वादळात झाड पडलं तर तेवढाच तुकडा वेगळा पडतो आणि बाकीच्या घरांची वीज पुष्कळदा मिनिटाभरात परत येते.

२०२० मध्ये शाळा बंद झाल्यावर गरीब घरांतल्या मुलांना याच जाळ्यावरून फुकट इंटरनेट द्यायला सुरुवात झाली. गावाची वस्तू गावाच्या मालकीची असली की काय करता येतं, ते मी तेव्हा पाहिलं.

८. मग गावाबाहेर थोडं स्वस्त घर घेतलं तर हेच इंटरनेट मिळेल ना?

इथेच लोक फसतात. ईपीबीला राज्याच्या कायद्याने आपल्या वीजपुरवठ्याच्या हद्दीबाहेर इंटरनेट देता येत नाही. २०१५ मध्ये केंद्रीय दूरसंचार आयोगाने हा निर्बंध मोडून काढायचा प्रयत्न केला, पण २०१६ मध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. त्यामुळे रस्त्याच्या अलीकडे फायबर आणि पलीकडे रडतखडत चालणारी जोडणी, असं आजही होतं. घराचा सौदा करण्याआधी नेमका पत्ता घालून तपासा. दलालाच्या शब्दावर जाऊ नका.

९. शाळा कशा आहेत?

असमान आहेत. सरकारी शाळा संपूर्ण काउंटीच्या एकाच मंडळाखाली आहेत, पण शाळा पत्त्यावर ठरते आणि एका टोकाच्या शाळेत नि दुसऱ्या टोकाच्या शाळेत बराच फरक आहे. पत्त्याशी न बांधलेल्या काही विशेष सरकारी शाळाही आहेत, उदाहरणार्थ कला आणि विज्ञान यांवर भर देणारी सीएसएएस. तिथे अर्ज करावा लागतो आणि जागा कमी असतात, तेव्हा आदल्या वर्षीच चौकशी करा. खासगीत मॅकॅली, बेलर आणि मुलींसाठी जीपीएस (गर्ल्स प्रिपरेटरी स्कूल) ही जुनी नावं. फी भरपूर.

'टेनेसी प्रॉमिस' या राज्याच्या योजनेमुळे २०१५ पासून बारावी झालेल्या मुलांना कम्युनिटी कॉलेजची फी भरावी लागत नाही, हे बहुतेकांनी ऐकलेलं असतं. पण त्यासाठी मूल नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक वगैरे पात्र गटात बसावं लागतं. एच-४ व्हिसावरचं (म्हणजे आई किंवा वडील एच-१बी नोकरी-व्हिसावर असलेलं) मूल बसत नाही, मग ते बालवाडीपासून इथे शिकलेलं का असेना. हे मुलांना बारावीत कळतं तेव्हा फार लागतं. आधीच सांगून ठेवा.

१०. हवामान पुण्यासारखं आहे का?

उन्हाळा मुंबईसारखा दमट आणि पारा ३२-३३ पर्यंत. थंडीत रात्री पाणी गोठतं, पण दिवसा स्वेटरवर भागतं. बर्फ एखाद-दुसरा दिवस, आणि तेवढ्यात शाळा बंद. एप्रिलमध्ये सगळ्या गाड्यांवर परागकणांचा पिवळा थर बसतो; दम्याचा त्रास असेल तर औषध आधीच आणून ठेवा. ऑक्टोबरमध्ये डोंगर लाल-केशरी होतात, तेव्हा पाहुण्यांना बोलवा.

११. टॉर्नेडोची भीती किती खरी आहे?

खरी आहे. २७ एप्रिल २०११ चा दिवस इथे कोणी विसरलेलं नाही. आणि १२ एप्रिल २०२०, ईस्टरच्या रात्री, ईस्ट ब्रेनर्ड भागातून मोठा टॉर्नेडो गेला. आम्ही तेव्हा सेंट एल्मोला होतो, पण आमची जुनी शेजारीण तिच्या दोन मुलांना घेऊन न्हाणीघरातल्या टबात, अंगावर गादी ओढून बसली होती. छप्पर गेलं, ती तिघं वाचली.

म्हणून तीन गोष्टी. घर बघताना तळघर किंवा बिनखिडकीची आतली खोली कुठली, ते पहिल्या दिवशीच ठरवा. बॅटरीवर चालणारा हवामान-रेडिओ घ्या. रात्री फोन गप्प करून झोपलेलं असताना तोच जागा करतो. आणि मुलांची सायकलची हेल्मेटं त्या खोलीतच ठेवा. सुचायला उशीर होतो, म्हणून आधी सांगते.

१२. दक्षिणेत आपल्याशी लोक नीट वागतात का?

रोजच्या वागण्यात प्रेमळ आहेत. अनोळखी माणूस हात करतो, पैसे घेणारी मुलगी "हनी" म्हणते, नवीन घरात गेलात की शेजारी खायला काहीतरी घेऊन येतात. तो डबा रिकामा परत करू नका. हा रिवाज आपल्यासारखाच आहे.

दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत "तुमचं चर्च कुठलं?" असं विचारतील. पहिल्यांदा मला ते खटकलं होतं. आता कळतं, की "तुम्ही मूळचे कुठले?" असं आपण विचारतो त्याच जातीचा तो प्रश्न आहे; माणूस कुठल्या गोतावळ्यातला ते त्यांना हवं असतं. "आम्ही हिंदू आहोत, दिवाळीला या" असं मी सांगते आणि ते खरंच येतात. राजकारणात मात्र काउंटीतला बराच भाग कडवा रूढिप्रिय आहे. बंदुकाही सर्रास आहेत: २०२१ पासून बहुतेक प्रौढांना परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येतं. मुलं कोणाकडे खेळायला जाणार असतील तर "घरात बंदूक आहे का, कुलपात आहे का?" हे मी सरळ विचारते. इथे त्याचा कोणी राग मानत नाही.

गोऱ्या-काळ्यांच्या इतिहासाविषयी पुढचा प्रश्न वाचा. त्याला वेगळी जागा द्यायलाच हवी.

१३. इथे वर्णभेद होता का? आपण परके, आपल्याला त्याचं काय?

वॉलनट स्ट्रीटच्या ज्या पुलाचं मी प्रश्न २ मध्ये कौतुक केलं, त्याच पुलावर १९ मार्च १९०६ च्या रात्री एड जॉन्सन या तरुण कृष्णवर्णीय माणसाला जमावाने तुरुंगातून ओढून आणून फाशी दिलं. बलात्काराच्या आरोपाखाली त्याला दोषी ठरवलं होतं. नोआ पार्डन आणि स्टाइल्स हचिन्स हे दोन कृष्णवर्णीय वकील जिवावर उदार होऊन त्याचा खटला थेट देशाच्या सर्वोच्च न्यायालयात घेऊन गेले आणि न्यायालयाने शिक्षा थांबवली. स्थगिती येताच जमाव तुरुंगावर गेला, शेरीफने, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाने, रोखलं नाही. न्यायालयाने त्या शेरीफला १९०९ मध्ये स्वतः खटला चालवून दोषी ठरवलं. एड जॉन्सनची शिक्षा रद्द झाली ती २००० साली, त्याच्या मृत्यूनंतर चौऱ्याण्णव वर्षांनी. पुलाच्या दक्षिण टोकाला त्याचं स्मारक उभं राहिलं २०२१ मध्ये.

त्याच नदीच्या काठावरच्या रॉसेस लँडिंग या धक्क्यावरून १८३८ मध्ये इथल्या मूळनिवासी चेरोकी लोकांना त्यांच्याच भूमीतून हाकललं गेलं.

नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी पूल दाखवायला नेते तेव्हा आधी स्मारकापाशी थांबते. आपल्याला काय त्याचं? आपण ज्या नगर कौन्सिलपुढे बोलायला जातो, ती प्रभागवार निवडून येणारी कौन्सिल १९९० मध्ये आली, कारण कृष्णवर्णीय नागरिकांनी मतदान हक्काच्या कायद्याखाली दावा लावला आणि १९८९ मध्ये जिंकला. त्याआधीच्या निवडणूक पद्धतीत त्यांचं मत बुडून जायचं. माझी ती तीन मिनिटं त्यांनी मिळवून ठेवलेली आहेत.

१४. भारतीय किराणा, शाकाहारी जेवण, मराठी माणसं: काय परिस्थिती?

डाळी, पीठ, मसाले, गोठवलेली कढीपत्त्याची पानं गावात मिळतात. भाजणी, गोडा मसाला, चांगलं शाडूचं गणपतीचं सामान मिळत नाही. ते पुण्याहून येतं किंवा अटलांटाजवळच्या डिकेटरहून. आम्ही महिन्या-दीड महिन्याने तिकडे फेरी मारतो, चार घरांच्या याद्या घेऊन.

एक गोष्ट कोणी सांगत नाही. गावाच्या पूर्वेला कॉलेजडेल आहे, तिथे सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथाचं विद्यापीठ आहे. या पंथात पुष्कळ लोक शाकाहारी असतात, त्यामुळे तिथल्या किराणा दुकानात शाकाहारी पदार्थांची रेलचेल असते. शनिवार त्यांचा शब्बाथ, तेव्हा दुकान बंद. रविवारी जा.

मराठी घरं माझ्या ओळखीत पंचवीसेक. गणपती एका घरी बसतो, दर वर्षी घर बदलतं, आरतीला सगळे येतात आणि विसर्जन अंगणात बादलीत करून ती माती झाडांना घालतो. ढोल-ताशा, नाटक, मोठा कार्यक्रम हवा असेल तर अटलांटाचं महाराष्ट्र मंडळ. नॅशव्हिलला श्रीगणेशाचं मोठं देऊळ आहे. न्यू जर्सीत शेकडो मराठी घरं होती आणि आम्ही कार्यक्रमाला तिकीट काढून जायचो. इथे मोदकांना माणसं कमी पडतात, म्हणून सातवीतला मुलगाही कळ्या पाडायला बसतो.

१५. आई-बाबा सहा महिन्यांसाठी येणार आहेत. त्यांना करमेल का? तब्येत बिघडली तर?

करमणं सर्वस्वी तुम्ही कुठे राहता त्यावर आहे (प्रश्न ६). गाडी न चालवणारी म्हातारी माणसं ईस्ट ब्रेनर्डच्या घरात अक्षरशः अडकतात. माझे सासरे तिथे पहिल्या खेपेला दोन महिन्यांत परत गेले. दुसऱ्या खेपेला आम्ही सेंट एल्मोत होतो. सकाळी नदीकाठची वाट, तिथल्या बाकांवर बसणारे दोन निवृत्त रेल्वेवाले त्यांचे मित्र झाले. इंग्रजी दोन्ही बाजूंनी अर्धवट कळायचं. पाच महिने राहिले.

त्यांना थेट अटलांटाच्या विमानतळावर घ्यायला जा. दोहा किंवा इस्तंबूलला एकदा विमान बदललं की झालं. अटलांटाहून चॅटनूगासाठी आणखी एक छोटं विमान म्हाताऱ्यांना नको होतं.

रुग्णालयांची चिंता नाही. अर्लँगरमध्ये सर्वोच्च श्रेणीचं अपघात-उपचार केंद्र आहे. दुर्मीळ आजारासाठी मात्र नॅशव्हिलचं व्हँडरबिल्ट किंवा अटलांटाचं एमोरी गाठावं लागतं. पाहुण्यांच्या विम्यातून जुने आजार बहुधा वगळलेले असतात, तेव्हा बारीक अक्षरं वाचा. आणि घरात बाळाची चाहूल असेल तर हेही माहीत असू द्या: ऑगस्ट २०२२ पासून टेनेसीत गर्भपातावर जवळपास संपूर्ण बंदी आहे. गुंतागुंत झाली तर दुसऱ्या राज्यात जायची वेळ येऊ शकते. पहिल्याच भेटीत डॉक्टरांशी यावर मोकळेपणी बोला.

१६. मी एच-१बी वर आहे. नोकरी गेली तर या गावात काय होईल?

माझ्या मते इकडे येण्यातला सगळ्यात मोठा धोका हाच. नोकरी गेल्यावर हातात जास्तीत जास्त साठ दिवस असतात. मोठ्या शहरात तेवढ्यात घर न बदलता दुसरी नोकरी मिळू शकते. इथे तुमच्या कामाची माणसं ठेवणाऱ्या कंपन्या तीन-चारच असतील, आणि व्हिसा सांभाळणाऱ्या त्याहून कमी. आमच्या ओळखीत एका कुटुंबाला सहा आठवड्यांत घर विकायला काढून टेक्सासला जावं लागलं. मुलीचं शाळेतलं शेवटचं वर्ष होतं.

म्हणून ग्रीन कार्डची रांग मोठी असेल तर घर विकत घ्यायची घाई नको. सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा. इथे असतानाही अटलांटातल्या कंपन्यांशी ओळखी टिकवा.

१७. जॉर्जियात घर स्वस्त आहे. रिंगगोल्डला राहून चॅटनूगात नोकरी केली तर टेनेसीचा करलाभ मिळेल का?

नाही. प्राप्तिकर राहत्या राज्याचाही लागतो. जॉर्जियाचे रहिवासी झालात की टेनेसीत मिळवलेल्या पगारावरही जॉर्जियाचा कर भरायचा. उलट टेनेसीत राहून रोज जॉर्जियातल्या कचेरीत गेलात तर तिथे केलेल्या कामावर जॉर्जिया कर घेतंच. दोन्हीकडून फायदा तेव्हाच, जेव्हा घर आणि कामाची जागा दोन्ही टेनेसीत असतील.

घरून काम करणाऱ्यांसाठी आणखी एक पेच आहे. मालक न्यूयॉर्क राज्यातला असेल आणि तुम्ही स्वतःच्या सोयीसाठी इथून काम करत असाल, तर न्यूयॉर्क त्या पगारावर आपला कर लावतं. इथे येण्याआधी करसल्लागाराला हा एक प्रश्न नक्की विचारा.

१८. नॅशव्हिलच्या मुलाखतीला वेळेवर निघूनही एक तास आधी पोचलो. असं कसं?

घड्याळ बदललं. चॅटनूगा न्यूयॉर्कच्या वेळेवर चालतं आणि नॅशव्हिल एक तास मागे. नॅशव्हिलच्या वाटेवर रस्ता थोडा जॉर्जियात शिरून परत टेनेसीत येतो आणि मॅरियन काउंटीची हद्द लागली की फोनवरची वेळ मागे जाते. जाताना तास मिळतो, येताना तो द्यावा लागतो. नॅशव्हिलहून संध्याकाळी मुलांना शाळेतून घ्यायला परत यायचं असेल तर हिशोब दोनदा करा.

१९. सह्याद्रीत ट्रेक करणाऱ्याला इथे काही मिळेल का?

भरपूर. लुकआउट माउंटनवरचा सनसेट रॉक, नदीची घळ, कंबरलँड ट्रेल; घरून निघून अर्ध्या तासात पाय वाटेला लागतात. उभे वाळूच्या दगडाचे कडे बघायला देशभरातून प्रस्तरारोहक येतात. ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी १८९५ पासून चालू असलेली दोरीची रेल्वे आहे.

फक्त दोन नव्या गोष्टी शिका. पहिली म्हणजे तीन-तीन पानांचा विषारी वेल, पॉयझन आयव्ही. खाजकुयलीची खाज तासाभरात जाते, याची दोन-दोन आठवडे राहते. दुसरी, गोचीड. घरी आलं की मुलांच्या कानामागे, काखेत, गुडघ्यामागे तपासा. तांबूस रंगाचा कॉपरहेड साप पाचोळ्यात दिसत नाही, तेव्हा हात कुठे ठेवता ते बघून ठेवा. बाकी पावसाळ्यानंतरच्या राजगडासारखा हिरवा डोंगर हवा असेल तर मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात या. मी सोबत येईन.